पालीचं नाव

गलबतं वाऱ्यावर चालत, त्या काळी कोकणातल्या एका वखारीत एक पाल राहायची. "ई, पाल!" असं कानावर पडलं की पाठोपाठ केरसुणी यायचीच. आपलं नाव म्हणजे शिवीच, असं ती धरून चालली होती. एकदा फटक्यात शेपटी तुटली, तेव्हा ती जीव मुठीत धरून नारळांच्या पोत्यात शिरली आणि पोत्यासकट गलबतावर जाऊन पडली.

भर समुद्रात उत्तरेकडचा एक खलाशी ओरडला, "पाल खोलो!" पालीची बोबडीच वळली. पण केरसुणी काही आली नाही. डोलकाठीवर पांढरंशुभ्र शीड उलगडलं, त्यात वारा भरला आणि एवढं थोरलं गलबत पाखरासारखं निघालं.

"अगं, त्यांच्या बोलीत शिडाला पाल म्हणतात," गलबतावरचा म्हातारा उंदीर म्हणाला.

मलबारला गलबत लागलं. उंदरामागून पाल एका झोपडीच्या भिंतीवर चढली. खाली एक पोर रडू लागलं, "पाल! पाल!"

"मामा, मला बघून घाबरलं वाटतं!" ती पळणार, तोच आई आली आणि तिने कोमट दुधाची वाटी पोराच्या ओठांना लावली. पोर शांत झालं. पाल भिंतीला खिळून बघतच राहिली.

"मामा, इथे पाल म्हणजे दूध?"

"हो गं."

"आणि पुढच्या बंदरात?"

"कोण जाणे! तिथे मीही कधी गेलो नाही."

गलबत सुटायची हाक आली. उंदीर वळून बघतो, तर पाल केव्हाच दोरावर चढली होती.