धुळा धनगराचा चेंडू

पळसखिंडीच्या माळावर गोऱ्या पलटणीची छावणी पडायची, त्या काळातली ही गोष्ट. फार फार वर्षं झाली. त्या माळाला लागून धुळा आणि बिरू हे दोघे धनगर भाऊ मेंढरं चारत. आईबाप लवकर गेले, म्हणून पाठच्या बिरूला धुळानंच वाढवलं, त्याचं लग्नही लावून दिलं.

साहेबांचा चेंडू कुंपणाबाहेर आला की धुळा तो परत फेकायचा. लांडग्यांवर धोंडे फेकून कमावलेला हात तो. असं म्हणतात, शंभर पावलांवरून फेकलेला त्याचा चेंडू जमिनीवर पडून सापासारखा वळायचा आणि नेमका यष्टीला लागायचा. साहेबांनी त्याला सरावाला बोलावलं. सात वर्षं तो त्यांना चेंडू टाकत राहिला. सामन्यात मात्र त्याला कधी घेतलं नाही. कप्तान साहेबाला एकदा खऱ्या सामन्यात बाद करायचं, एवढंच धुळाच्या मनात राहिलं होतं.

आठव्या वर्षी शहरातला देशी संघ छावणीशी खेळायला आला आणि त्यांनी धुळाला मागून घेतलं. त्यांचा एक गडी बोट मोडून बसला, तेव्हा त्याच्या जागी धुळानं बिरूला उभं केलं. धुळाच्या छातीत महिनाभर कळ येत होती. ते बिरूला ठाऊक होतं.

“दादा, नको खेळूस.”

“सात वर्षं थांबलोय. आता काय छातीला विचारून खेळू?”

धुळानं आठ गडी टिपले. साहेबांची शेवटची जोडी उरली, समोर कप्तान, त्यांना जिंकायला सात धावा. धुळानं चेंडू टाकला, कप्तानानं तो हाणला, आणि चेंडू उंच उडून बिरूकडं आला. बिरूनं खांद्यावरचं घोंगडं पसरलं आणि अलगद त्यात घेतला.

धनगराची रीतच ती. नुकतं जन्मलेलं कोकरू उघड्या हातात घेत नाहीत. माणसाच्या हाताचा वास लागला तर मेंढी त्याला पाजत नाही. बिरूच्या हातांना दुसरं काही येतच नव्हतं.

पंचानं मान हलवली. कापडात घेतलेला झेल धरत नाहीत, वर पाच धावांचा दंड. आता दोनच हव्या होत्या.

“अरे, देवानं हात कशाला दिलेत? शेण थापायला?” शहरातले खेळाडू ओरडले. बिरू मान खाली घालून मैदानाबाहेर चालायला लागला.

धुळा मात्र हसला. “ओल्या कोकरागत घेतलास की रं! आता तिथंच उभा ऱ्हा. पुन्हा तिकडंच पाठवतो.”

त्यानं पुन्हा तोच चेंडू टाकला, कप्तानानं पुन्हा तसाच हाणला. असं म्हणतात, तो इतका वर गेला की घारीनं त्याला दोन घिरट्या घातल्या आणि माळावरच्या मेंढरांनी चरायचं सोडून माना वर केल्या. बिरूनं घोंगडं फेकून दिलं. चेंडू उघड्या हातांत घेतला.

“दादा! हातात घेतला, दादा!”

तो धावत गेला. धुळा खेळपट्टीच्या टोकाशी मांडी घालून बसला होता. तोंडावरचं हसू तसंच होतं. बिरूनं त्याला हलवलं, चेंडू त्याच्या डोळ्यांपुढं धरला. धुळा गेला होता. त्यानं झेल पाहिला की नाही, हे बिरूला कोणीच सांगू शकलं नाही.

मग बिरूनं तो चेंडू अंगातल्या सगळ्या बळानं आभाळात भिरकावला. “घे, बघ!” तो अजून खाली आलेला नाही, असं म्हणतात.

छावणी गेली, साहेब गेले. पळसखिंडीत मात्र झेल सुटला तर आजही कोणी शिवी देत नाही. “तिथंच उभा ऱ्हा,” एवढंच म्हणतात. आणि वर्षातून एकदा, सामन्याआधी, दोन्ही संघ बिरूच्या जागेवर उघडे हात पसरून वर बघत उभे राहतात. एकाला तेवढं खेळपट्टीच्या टोकाशी मांडी घालून बसवतात. झेल बघायला.