कोमट आरसा

"...मग माझं चुकलं कुठं, सर?"

डॉ. यशोधन परदेशात दातांचं शास्त्र शिकून गावी परतला होता. तंबाखूपायी आपल्या तालुक्यातलं एकही तोंड सडू द्यायचं नाही, असा त्याचा पण. मुल्लाणी सरांच्या जुन्या दवाखान्यात बसायला लागून त्याला महिना झाला होता.

सकाळी हौसाबाई भाजीवाली दाढ दुखते म्हणून आली. हिरड्या मिशरीनं काळ्या पडलेल्या, आणि गालाच्या आत एक पांढरा डाग. यशोधननं तिला खुर्चीतच फैलावर घेतलं. मिशरी म्हणजे विष, या डागाचा उद्या कॅन्सर होईल, एवढं वय झालं तरी कळत कसं नाही. बाई पदर तोंडाला लावून उतरली ती निघूनच गेली. दाढ तशीच, डाग तसाच.

"मी खोटं बोललो का?"

सरांनी खुर्चीकडे बोट केलं.

"बस. आ कर."

त्यांनी तोंडात घालायचा छोटा आरसा कोमट पाण्यात बुडवला. थंड आरसा श्वासानं धुरकटतो, म्हणून ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. यशोधनला या सवयीचं मनातून हसू यायचं.

आरसा गालात गेला. दिवा डोळ्यांवर आला. मग सर सावकाश बोलू लागले.

"एवढं शिकून आलास आणि पहिल्याच महिन्यात पेशंट पळवलास. लाज नाही वाटत?"

यशोधनच्या घशातून नुसता हुंकार निघाला. त्यानं हात वर केला.

"दोन मिनिटं," सर म्हणाले, आणि बोलतच राहिले.

त्यानं पुन्हा हात वर केला. सर थांबले नाहीत. त्याच्या डोळ्याच्या कडेनं पाणी ओघळून कानाशी गेलं.

तेव्हा कुठं सरांनी आरसा काढला.

"काय म्हणत होतास?"

"...काही नाही."

"हौसाबाईनं हात वर केला होता?"

"केला होता."

"मग?"

"...मी म्हटलं, दोन मिनिटं, आजी."

सर हात धुवायला वळले.

दुपारी यशोधन बाजारात गेला. हौसाबाईच्या पाटीशेजारी पोत्यावर बसला. ती मेथीच्या जुड्या बांधत होती. गिऱ्हाइकं आली, गेली.

बऱ्याच वेळानं तीच म्हणाली, "आमच्या मालकांच्या गालातबी असाच डाग हुता. त्यातच गेले. तेवढंच सांगत हुते मी, लेकरा."

त्यानं मान खाली घातली.

"उद्या आले, तर हात केल्यावर थांबशील?"

"...थांबेन, आजी."

संध्याकाळी त्यानं सरांना सगळं सांगितलं. सर हत्यारं पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"उद्या आरसा आधी कोमट कर."