कंदिलाचं सॉकेट

सगळ्या गाड्या पेट्रोल पीत होत्या त्या काळापासून सुलभाकाकूंच्या पोर्चमध्ये एक छोटं सॉकेट होतं. दिवाळीत त्यावर आकाशकंदील लागायचा. तुळशीचं लग्न झालं की कंदील माळ्यावर जायचा आणि उरलेलं वर्ष सॉकेट नुसतं वाट बघायचं.

मग घरात विजेची गाडी आली. काकूंनी कन्व्हर्टर लावून तिचा जाड प्लग त्याच सॉकेटमध्ये बसवला. सॉकेटला वाटलं, आता रोज कुणीतरी आपलं आहे.

"मला झेपत नाही," भिंतीतली बारीक वायर म्हणाली. "मी तापतेय."

"गप्प बस. बोललीस तर गाडी जाईल," सॉकेट म्हणालं. ते स्वतःही पोळत होतं.

संध्याकाळी काकूंना जळका वास आला. त्यांनी मेन स्विच बंद करून वायरमनना बोलावलं.

"काकू, ही वायर कंदिलापुरती ओढलेली. गाडीला सगळंच वेगळं लागतं."

वायरमननी मीटरपासून नवी जाड वायर आणून गाडीसाठी मोठं सॉकेट बसवलं. छोट्याला त्यांनी वर, कंदिलाच्या हुकाजवळ सरकवलं. तिथून ते रोज बघायचं. गाडी यायची आणि मोठ्याला लागायची.

दिवाळीत कंदील लागला. गाडीच्या पांढऱ्या पाठीवर लाल-पिवळा उजेड पडला.

"हा उजेड तुझा?" गाडीने विचारलं.

"हो. पण तुळशीच्या लग्नापर्यंतच."

गाडी म्हणाली, "पुढच्या दिवाळीची वाट आता मीही बघेन."