खांबाच्या डोक्यावरचा घुमट

तुमच्या पणजोबांना दात फुटायच्या कितीतरी आधीची गोष्ट. भूमध्य समुद्राच्या काठी बायझंटाईन राजांच्या काळातलं एक पडकं चर्च होतं. त्यात एकच खांब उभा उरला होता, पण ऐट मात्र मानपानाच्या जावयाची! ओझं वाहणाऱ्याने मान वर करायची नाही, ही त्याच्या घराण्याची रीत. त्यामुळे घुमट कधीच कोसळलाय, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

एकदा अंडी घालायला टेकलेली करकोची आली. "खांबदादा, तुमच्या डोक्यावर घरटं बांधू द्या. खाली कोल्हे टपलेत हो."

"वेड लागलं का बाई? अख्खा घुमट आहे माझ्या डोक्यावर!"

सावलीला बसलेली म्हातारी शेळी फिस्सकन हसली. "अरे बाबा, एकदा वर तरी बघ!"

खांबाने वर पाहिलं. नुसतं निळं आभाळ! इतकी वर्षं आपण हवाच पेलत होतो? बिचारा बुडापासून हादरला. आता उभं तरी कशाला राहायचं, म्हणून तो कलू लागला.

"अहो दादा, पडायचं मग पडा," करकोची ओरडली, "आधी माझी अंडी उबवून होऊ द्या!"

खांब तसाच थबकला.

पुढे त्याच्या डोक्यावरच्या घरट्यात पिल्लं झाली. शेळीने जरा उडी मारली, की खांब खेकसायचा, "हळू गं म्हातारे! वर घुमट झोपलाय."