कासारणीची पारख

ऐका ऋतुमाई, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं, नगरात चौक होता, चौकात एका कासाराचं बांगड्यांचं दुकान होतं. कासार स्वभावानं गरीब, दुकान कासारीणच चालवी. तिला एक मुलगा होता, मुलाचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. घरात खायला-ल्यायला होतं, पाळण्यात घालायला मात्र कोणी नव्हतं.

कासारणीची एक ख्याती होती. बांगडी भरायला बाईचा हात हाती घेतला, की ती सांगे, "बाई, तुला दिवस गेलेत." हात भरल्यासारखा लागतो, म्हणे. दहांत नऊदा खरं निघे. दहाव्या वेळेचं कोणी बोलत नसे.

सुनेची पाळी काही वेळेवर येत नसे. कधी दोन महिन्यांनी, कधी पाच. त्या घरी पाळी आली की पडवीत बसायची रीत होती, आणि पडवी रस्त्याला लागून. सून बसली की गल्लीला कळे, नाही बसली तरी गल्लीला कळे.

एकदा काय झालं, तीन महिने सून पडवीत बसली नाही. मग सासूनं तिचा हात धरला. नेहमीची दोन-चारच्या मापाची बांगडी जाईना, मोठी दोन-सहाची लागली. सासू म्हणाली, "दिवस गेले." मग हिरव्या बांगड्या भरल्या, गल्लीत साखर वाटली, सुनेला ऊन ऊन दूध दिलं. चौथ्या महिन्यात सून पडवीत बसली. सासू म्हणाली, "कुणाची तरी दृष्ट लागली." बांगड्या उतरवून घेतल्या.

वर्ष गेलं. पुन्हा तीन महिने सून बसली नाही. सासूनं हात धरला, बांगड्या भरल्या, साखर वाटली. पुन्हा चौथ्यात सून बसली. सासू म्हणाली, "जड उचललं असशील." बांगड्या उतरवून घेतल्या.

तिसऱ्या वेळी चार महिने गेले. सासूनं हात धरला, बांगड्या भरल्या, साखर वाटली, हौसेनं गर्भारणीला देतात ती चोरचोळीही शिवून घेतली. पाचव्यात सून पडवीत बसली. या खेपेलाही सासूनं बांगड्या उतरवून घेतल्या. चोळी पेटीत टाकली आणि जेवताना मुलाला म्हणाली, "दुसरी बघू का?" मुलगा मान खाली घालून जेवत राहिला. मग सुनेमागं उपास लागले. सोमवार, गुरुवार, चतुर्थी. उपासाला साबुदाणा, वर गोड चहा. सून आणखी जाड झाली. हनुवटीवर केस आले, ते ती दाराला कडी लावून चिमट्यानं उपटी.

आता तुम्ही म्हणाल, सून बोलली का नाही? बायांनो, तिला कोणी विचारलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या महिन्यांत तिला घरात मान होता, ऊन दूध होतं. तिसऱ्या खेपेला तर तिलाही वाटलं, सासूबाईंचा हात खोटा कसा पडेल? तिला मूल हवं होतं, सासूपेक्षा कणभर जास्तच हवं होतं. त्या पाचव्या महिन्यात पडवीत बसून ती इतकी रडली की शेजारणीनं खिडकी लावून घेतली.

मग एके दिवशी तिनं दळणाचं निमित्त केलं, डबा गिरणीत ठेवला आणि वेशीबाहेरच्या दवाखान्यात गेली. तिथं बाकावर तीन बाया बसल्या होत्या, मांडीवर फायली. हिनं विचारलं, "बायांनो, तुम्ही कसला वसा घेतलाय?" त्या म्हणाल्या, "तुला कशाला सांगायचा? घेशील नि अर्ध्यावर सोडशील. आम्हीही सोडला होता." ही म्हणाली, "सुटला तर पुन्हा धरीन." त्या म्हणाल्या, "मग आत जा."

आत एक डॉक्टरीण होती, पिकल्या केसांची, चष्मा नाकावर. ती ऋतुमाईच, पण तिनं ओळख दिली नाही, केसपेपर काढायला लावला. मग रक्त तपासलं, पोटावर गार मलम लावून पडद्यावर चित्र पाहिलं. म्हणाली, "हे भिजल्या साबुदाण्यासारखं दिसतंय ना, ती तुझी बीजं. धरतात, पण पिकून सुटत नाहीत, म्हणून पाळी लांबते. पाळी चुकली म्हणजे दिवस गेले, असं नसतं. याला पीसीओएस म्हणतात. नाव परकं, दुखणं घरोघरचं."

सुनेनं विचारलं, "माझं काय चुकलं?"

"काही नाही," डॉक्टरीण म्हणाली. इतक्या वर्षांत हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मग सून म्हणाली, "वसा कसा करावा?" डॉक्टरीण म्हणाली, "सकाळी उठावं, वेशीपर्यंत झपझप चालावं. सगळ्यांबरोबर ताटावर बसावं, डाळ-भाजी पोटभर खावी, उपास धरू नये. साखर सोडावी. जेवल्यावर गोळी घ्यावी. पाळी आली की कॅलेंडरवर तारखेला गोल करावा. आली तर आली म्हणावं, नाही तर नाही. आणि नवऱ्याला तपासायला आणावं, हा वसा जोडीचा आहे."

"मूल होईल?"

"पुष्कळजणींना होतं. वचन देत नाही."

सून घरी आली, सगळं सांगितलं. सासू म्हणाली, "उपास मोडलास तर देव कोपेल." सून म्हणाली, "सासूबाई, तुम्ही तीनदा साखर वाटलीत. मला एकदा तरी विचारलंत?" सासू उठून दुकानात गेली.

दुसऱ्या दिवशी ती भांडायला दवाखान्यात गेली. म्हणाली, "माझ्या हाताला कळतं ते तुमच्या यंत्राला काय कळणार?" डॉक्टरणीनं आपला हात पुढं केला. "मग सांगा, मला कितवा?" कासारणीनं मनगट धरलं, बोटं दाबून पाहिली. हात चांगला भरलेला होता. ती डॉक्टरणीच्या पिकल्या केसांकडं बघू लागली. डॉक्टरीण म्हणाली, "साठी उलटली माझी." कासारणीनं हात हळूच खाली ठेवला आणि घरी आली.

मग सुनेनं वसा घेतला. नवरा कुरकुरला, पण गेला. त्याच्यातही थोडं उणं निघालं, त्याला तंबाखू सोडावी लागली. दुसरीचं बोलणं तिथंच थांबलं. चौथ्या महिन्यापासून कॅलेंडरवरचे गोल एकमेकांजवळ येऊ लागले. पस्तिसाव्या दिवशी एक, तिसाव्या दिवशी दुसरा. सून कांबळं घेऊन पडवीकडं निघाली, तर सासू म्हणाली, "नको बसू, उद्याचं चालणं चुकेल." मग सासूनं डबा काढला आणि गल्लीत चौथ्यांदा साखर वाटली. बायांनी विचारलं, "दिवस गेले?" ती म्हणाली, "नाही. पाळी आली, वेळेवर." बाया पदराआड हसल्या. कासारीण म्हणाली, "हसा."

मधे लग्नसराई आली, दुकानात गर्दी झाली, वसा राहिला. दोन महिने कॅलेंडर कोरं. मग पुन्हा धरला. डॉक्टरणीनं बीज सुटायची गोळी दिली. एक महिना गेला, गोल आला. दुसरा गेला, गोल आला. सून रात्री रडे, सकाळी चाले. तिसऱ्या महिन्यात चाळीस दिवस झाले, गोल आला नाही.

सून सासूपुढं बसली, हात पुढं केला. "तुम्हीच बघा." सासूचा हात पुढं आला, मग मागं गेला. म्हणाली, "माझा हात नको बाई. दवाखान्यात जाऊन ये."

सून गेली, पडद्यावर पाहून आली. दारातच म्हणाली, "आहे."

मग सासूनं तिचा हात घेतला. सवयीनं दोन-सहाची हिरवी बांगडी चढवली, ती ढिली पडली आणि परत निघून आली. मग दोन-चारची काढली, ती बरोबर बसली. सासू त्या मनगटाकडं बघत राहिली. म्हणाली, "माझ्या हाताला हे कळलंच नसतं गं." आणि पेटीतली चोळी काढायला उठली.

बाकावरच्या तिघींपैकी दोघींना मुलं झाली. तिसरीला नाही झालं. तिचा नवरा अजून तिच्याबरोबर वेशीपर्यंत चालायला जातो, ताटावर शेजारी बसतो. तिलाही ऋतुमाई पावली असंच आम्ही म्हणतो.

जशी त्यांना पावली तशी तुम्हां-आम्हां पावो. कुणाच्या लेकी-सुनेला विचारल्यावाचून साखर वाटू नये. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सांगितली, ऐकणारीच्या घरी सुफळ होवो, संपूर्ण होवो.