तवे द्या, फाळ ठेवा

फार पूर्वी, घाटापलीकडच्या एका राज्यात एक लोहारीण राहायची. नवरा लढाईवर गेलेला, कडेवर सहा महिन्यांचं लेकरू. बाई हुशार, पण स्वतःच्या हुशारीवर तिचा काडीचा भरवसा नव्हता. बाळ गाढ झोपलं, तरी श्वास चालतोय ना म्हणून ती त्याच्या नाकाशी बोट धरून बघायची.

राज्यात लोखंड यायचं शेजारच्या मुलखातून, आणि लढाई जुंपली होती नेमकी त्याच मुलखाशी. व्यापार बंद पडला. मग राजाने दवंडी पिटवली: घराघरांतलं लोखंड लोहाराकडे द्या, त्याचे भाले होऊ द्या. गावागावांत चढाओढ लागली. लोकांनी आधी नांगराचे फाळच उपसून दिले. घरातलं सगळ्यात जड लोखंड तेच. ढीग मोठा दिसायचा, शाबासकीही मोठी मिळायची.

लोहारणीच्या दारातही फाळ येऊन पडले. तिने भाता ओढला, पहिला फाळ भट्टीत सारला आणि तिचा हात थबकला. याचा भाला झाला, तर पेरणी कशाने करायची? आणि नाही झाला, आणि नवऱ्याच्याच हाती भाला कमी पडला तर?

शेवटी तिने चिमट्याने फाळ बाहेर काढला. घरात जाऊन तवा, कढई, दाराची कडी, पाळण्याच्या साखळ्या, सगळं आणलं आणि ठोकून भाल्यांची पाती केली. पाळणा सुंभाने टांगला, भाकरी खापरावर भाजली.

शेजारणी हसल्या. एक म्हातारी मात्र हसली नाही. पेरणीला काय नखांनी जमीन उकरणार आहात का, असं तिने सगळ्यांना विचारलं. मग एकेक बाई तवा घेऊन आली आणि आपला फाळ परत घेऊन गेली.

तपासणीला सरदार आला. इथले भाले इतर गावांच्या निम्मेच भरले.

"नवरा रणात, आणि तू फाळ लपवतेस?"

"लपवले नाहीत, सरदार. शेतात उघड्यावर चालतायत." लोहारीण म्हणाली. "चुकतही असेन मी. पण लढाई सुगीआधी संपेल, असं छातीवर हात ठेवून सांगा, मग न्या सगळे."

सरदाराने फाळांना हात लावला नाही. तो दटावून निघून गेला.

लढाई संपली नाही. बाकीच्या गावांनी लाकडी खुंट्यांनी रान उकरलं होतं. तिथे मूठभर पीक आलं. रणात भाले मुबलक होते, पण धरणाऱ्या हातांत जोर नव्हता. धान्याच्या गाड्या निघाल्या त्या या एकाच गावातून, आणि त्या कुठवर पुरणार? घाटातली दोन ठाणी सैन्याने उपाशीपोटी सोडली. लोहारणीचा नवरा तिसऱ्या ठाण्यावर होता. तिथे गाड्या पोचल्या.

सरदार पुन्हा आला. या वेळी घोड्यावरून उतरून ओसरीवर बसला. लोकांकडून यापुढे काय मागावं आणि काय मागू नये, हे राजाने तिलाच विचारायला सांगितलं होतं.

"मला एकटीला काय कळतंय," ती म्हणाली. "थांबा, बायकांना बोलावते. कुणाच्या घरी कशावाचून भागतं आणि कशावाचून नाही, ते त्याच सांगतील."

सरदार थांबला. बायका आल्या, भांडल्या, बोलल्या. पहिलं ठरलं ते एवढंच: या गावचे फाळ आळीपाळीने शेजारच्या गावांत फिरवायचे.

तात्पर्य: संकटात हाती येईल ते देऊन टाकणं सोपं असतं. काय राखायचं हे ठरवणं अवघड, आणि ज्यांच्या घरातून वस्तू जाणार, त्यांना विचारूनच ते ठरवावं.