आज अंक कोणाकडे

“...पण बाई, अकरा वर्षांत एकदाही का नाही?”

अनघा चोथे विचारत होती. मालनबाई हावळ सतरंजी उलगडत होत्या, एका हातानं. उजवा खांदा दिवाळीपासून धरला होता.

“काय एकदाही?”

“अंक. सगळ्यांना दिलात. मला नाही.”

बाईंनी सतरंजीचं टोक पायानं सरळ केलं. बोलल्या नाहीत.

मंगळवार, सकाळचे पावणेसहा. इचलकरंजीतल्या आमच्या गल्लीचं समाजमंदिर. मी भिंतीकडेच्या खुर्च्या मांडत होतो, म्हणून हे माझ्या कानावर पडलं. शेजारच्या कारखान्यात माग चालू होते. त्या आवाजावरून बोलायची इथं सगळ्यांना सवय आहे.

आमच्या योगवर्गात अंक बाई मोजत नाहीत. हात वर नेऊन, टाचा उचलून उभं राहिलं, की किती वेळ थांबायचं हे रोज कोणीतरी एक जण ठरवतो. त्यानं सगळ्यांबरोबर आसन करायचं आणि आपल्या एकेका श्वासाला एकेक अंक मोठ्यानं म्हणायचा. त्याचे हात खाली आले की सगळ्यांचे खाली. त्याच्या आधी कोणी उतरायचं नाही, नंतर एक श्वासही थांबायचं नाही.

तो कोण, हे बाई सांगतात. दारात उभ्या राहून येणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात आणि कोणाला तरी म्हणतात, “आज तू.”

कसं ठरवता, असं त्यांना कोणी विचारलं नव्हतं. अनघानंही आजच विचारलं.

“परवा इलाहीभाईंना दिलात,” ती म्हणाली. “दोन पाळ्या सलग करून आले होते. नवाला खाली. त्याच्या आधी बाळव्वा आज्जी, त्याही खुर्चीत बसून! सातला खाली. मी तीसपर्यंत उभी राहते, बाई. मला घामसुद्धा येत नाही.”

“माहीत आहे.”

“मग?”

“वडील कसे आहेत?” बाईंनी विचारलं.

“बरे आहेत.”

“डावं अंग हलतं?”

“नाही अजून.”

“उचलतं कोण?”

“मी आहे की. बाई, विषय बदलू नका.”

“नाही बदलला.”

अनघानं ओढणी कमरेला बांधली. ती आज लवकर आली होती ती एक उत्तर द्यायला. पुढच्या महिन्यापासून वर्ग तू बघ, असं बाईंनी तिला आठवड्यापूर्वी सांगितलं होतं. खांद्यामुळं बाईंना आता केस विंचरणंही जड जात होतं. वर्गात मात्र दोन्ही हात वर जायचे. कसे, ते त्यांनाच ठाऊक. अनघाशिवाय दुसरं कोणी शिकवण्याजोगं नव्हतं. तिनं नाही म्हटलं तर एकोणीस वर्षांचा वर्ग बंद होणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

“मी वर्ग घेते,” अनघा म्हणाली. “पण दोन करायचे. ज्यांना जमतं त्यांचा सहाला. ज्यांना जमत नाही त्यांचा सातला. हे नसेल तर मला नको.”

“मला कुठल्यात घालशील?”

“तुम्ही बाई आहात. तुमचा प्रश्न कुठं येतो?”

“विचारलं आपलं.”

“चेष्टा नको ना. आज मला काय ते सांगा. तेच ते चाललंय. रोज सातला खाली, नवाला खाली. दमले मी.”

बाईंनी प्रथमच मान वर केली.

“दमलीस?”

“या वर्गाला दमले.”

बाई तिच्याकडे बघत राहिल्या.

तेवढ्यात लोक यायला लागले. बाई दाराशी गेल्या.

बाळव्वा आज्जी काठी टेकत आल्या. त्या पंचाहत्तरीच्या आहेत. त्यांची खुर्ची ठरलेली आहे, दुसरं कोणी बसलं तर काठीनं उठवतात.

“काय गं मास्तरीण,” त्या अनघाला म्हणाल्या, “तोंड का असं? दूध नासलं काय?”

“काही नाही आज्जी.”

इलाही मुल्लाणी पलीकडच्या दुसऱ्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून तसेच आले. डोक्यावर, भुवयांवर कापसाची भुरी.

“ते डोकं झाड की रे,” बाळव्वा म्हणाल्या. “म्हातारा दिसतोस.”

“म्हाताराच आहे मी. तुम्ही तेवढ्या कोवळ्या राहिलाय.”

हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. सव्वीस जण झाले. इलाहींवर त्यांची नजर थोडी थांबली आणि पुढं गेली. मग दाराकडे पाठ करून त्या वळल्या.

“अनघा. आज तू.”

सगळ्यांनी वळून अनघाकडे पाहिलं. मग बाळव्वाच म्हणाल्या, “मेलो सगळे! आज काय ही खाली सोडत नाही. बंबातलं पाणी आटलं माझं.”

“ताई, जरा दया करा,” इलाही म्हणाले. “रात्रभर उभाच आहे.”

अनघा पुढच्या रांगेत आली. तिच्या मागं मी होतो. तिचा ताठ कणा आम्हाला रोजचा ओळखीचा.

“तीस,” ती हळूच म्हणाली. कोणाला म्हणून नाही.

हात वर गेले. टाचा उचलल्या.

“एक.”

आवाज स्वच्छ होता. मागांच्या वरून शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

“दोन.”

कुर्त्याच्या बाह्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या. उघड्या हातांवर, दोन्हीकडे, बोटांचे निळे वळ होते. आजारी माणूस उठताना धरतो तसे.

“तीन.”

हा उशिरा आला. कोपरं थरथरत होती.

“चार.”

...

पाच आला नाही.

तिनं श्वास घेतल्याचं मला दिसलं. सोडल्याचंही दिसलं. अंक आला नाही. पण हातही खाली येईनात.

कोणी हललं नाही. इलाही डोळे मिटून चवड्यांवर उभे होते. बाळव्वा खुर्चीत, दोन्ही हात वर, हात डुगडुगत होते. समोर बाई. त्यांच्या कपाळावर घाम होता.

अनघाचे हात खाली आले.

सव्वीस जणांच्या टाचा एकदम टेकल्या. सतरंजीवर धप्प असा एकच आवाज झाला.

चारच का, असं कोणी म्हटलं नाही. इलाहींनी मान मोडली. कोणीतरी खोकलं.

बाळव्वा काठीवर जोर देऊन उठल्या. खुर्ची पायानं ढकलत ढकलत अनघाच्या मागं आणली.

“बस.”

“नको आज्जी. तुम्ही...”

“बस म्हटलं की. मी भिंतीला टेकते.”

अनघा उभी राहिली. मग बसली.

तो सगळा वर्ग तिनं खुर्चीत बसून केला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

लोक गेले. मी खुर्च्या एकात एक घालत होतो. अनघा तिच्या खुर्चीतून उठली नव्हती.

“बाई, मी तीस म्हणणार होते.”

“ऐकलं मी.”

“पाच म्हणता आलं नाही. काल रात्री पाच वेळा उचललं त्यांना. बाई, ते रडतात उचलताना... मी कोणाला सांगितलं नाही.”

“हं.”

अनघानं डोळे ओढणीनं पुसले. बाहेर इलाही आणि बाळव्वा पायरीवर चपला शोधत भांडत होते.

“इलाहीभाई दोन पाळ्या करून आले होते, तेव्हा मी मनातून चिडले होते,” ती म्हणाली. “नवाला सोडलं म्हणून.”

बाई भिंतीकडे सरकल्या.

“एकच वर्ग राहू दे,” अनघा म्हणाली. “घेते मी.”

बाई भिंतीला धरून सतरंजीवर बसल्या. सावकाश, दोन टप्प्यांत. उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा.

अनघा बघत राहिली.

“बाई, खांदा...?”

“तीनलाच गेला होता.”

“आजच?”

“रोज जातो.”

“मग अंक तुम्हीच का घेत नाही कधी?”

...

सात वाजले. पाळी बदलली, शेजारचे माग थांबले. अचानक इतकं शांत झालं की बाईंचा श्वास ऐकू यायला लागला.

“उद्या दारात तू उभी राहा,” बाई म्हणाल्या. “माझ्याही तोंडाकडे बघ.”